मतदान केंद्र झालेली शाळा : आदल्या दिवसाची दुपार आणि नंतरची सकाळ

मांजराकाठ (कळंब, जि. धाराशिव) – चर्चामंचावरचा धागा

मराठवाड्यातल्या बहुतेक गावांत मतदान जिल्हा परिषदेच्या शाळेतच होते आणि पुढेही ते तिथेच व्हावे, असे माझे मत आहे. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण मतदान शाळेबाहेर काढा असे म्हणण्यासाठी हा धागा काढलेला नाही. शाळा सरकारी असते, सर्वांच्या पायाखालची असते आणि ती कुठल्याही एका भावकीची किंवा समाजाची नसते. निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणे धार्मिक स्थळात, रुग्णालयात किंवा पोलीस ठाण्यात केंद्र ठेवता येत नाही. केंद्र शक्यतो तळमजल्यावर असावे, खोली किमान २० चौरस मीटरची असावी आणि मतदाराला साधारणपणे २ किलोमीटरहून अधिक अंतर जावे लागू नये. या अटी घेऊन आमच्या तालुक्यातल्या एखाद्या लहान गावात दुसरी इमारत शोधू लागलो, तर फिरून फिरून शाळेपाशीच यावे लागते.

माझा प्रश्न ताब्याचा आहे. मतदानाच्या दिवशी सुट्टी असते, त्यामुळे त्या दिवशी काही विपरीत घडले तरी वर्गात लेकरे नसतात. २६ एप्रिल २०२४ रोजी लोकसभेच्या मतदानात नांदेड जिल्ह्यातल्या बिलोली तालुक्यात एका मतदाराने कुऱ्हाडीने मतदान यंत्र फोडले होते. असे प्रसंग गंभीर असतात, पण त्यांच्यासाठी बंदोबस्त नेमलेला असतो आणि कायद्यात शिक्षाही आहे. ज्या वेळेसाठी कुणीच नेमलेले नाही, ती वेळ म्हणजे आदल्या दिवसाची दुपार आणि मतदानानंतरच्या दिवसाची सकाळ. आदल्या दुपारी शाळा अर्धी शिक्षकांच्या आणि अर्धी मतदान पथकाच्या हाती असते. नंतरच्या सकाळी ती कुणी कुणाला परत सोपवलेली नसते आणि तरीही तिथे पहिली घंटा होते.

लोकसभेची निवडणूक उन्हाळ्यात येते, म्हणून ही अडचण आपल्या लक्षात राहत नाही. २०२४ मध्ये लातूर आणि धाराशिवचे मतदान ७ मे रोजी, तर बीड, जालना आणि छत्रपती संभाजीनगरचे १३ मे रोजी झाले. तेव्हा मुले सुट्टीवर होती. त्याच वर्षी विधानसभेचे मतदान मात्र २० नोव्हेंबरला, पुढे नगरपरिषदांचे २ डिसेंबर २०२५ रोजी आणि महानगरपालिकांचे १५ जानेवारी २०२६ रोजी झाले. म्हणजे तिन्ही वेळा ऐन सत्रात. ग्रामपंचायतींच्या आणि पोटनिवडणुकांच्या तारखा तर शाळेचे वेळापत्रक पाहून ठरतच नाहीत.

आदल्या दुपारी काय होते ते पाहा. पथक येते तेव्हा त्याला शाळेतल्या चांगल्या खोल्या लागतात, कारण दिवे, दारे, खिडक्या आणि फरशी धड असलेल्या खोल्या त्याच असतात. ज्या शाळेत चार खोल्यांपैकी दोनच वापरण्याजोग्या आहेत आणि उरलेल्या दोन निर्लेखनाच्या (वापरातून काढून पाडायच्या खोल्यांच्या) यादीत पडून आहेत, तिथे त्या दुपारी मुलांना कुठे बसवले जाते? व्हरांड्यात, नाहीतर ज्या खोलीत एरवी कुणाला जाऊ देत नाहीत त्या खोलीत. पत्रे सटकलेल्या, भिंतीला भेग गेलेल्या खोलीत दोन तास का होईना लेकरे बसतात, ही माझ्या मते या साऱ्या विषयातली सर्वांत धोक्याची गोष्ट आहे, आणि तिच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. आमच्या भागाने ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप पाहिलेला आहे. भिंतीची भेग म्हणजे काय, हे आम्हाला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही.

नंतरच्या सकाळची गोष्ट निराळी आहे. मतदान पथकाच्या साहित्यात लाख, मेणबत्ती, काडेपेटी, ब्लेड, टाचण्या, सुतळी आणि धातूची पट्टी असते. बोटाला लावायच्या शाईत सिल्व्हर नायट्रेट असते. ते डोळ्यांत गेले तर इजा होते. मोजून दिलेले साहित्य मोजून परत जाते, पण अर्धे ब्लेड, विझलेल्या काड्या, शाईचा बोळा आणि फरशीवर पडलेल्या टाचण्या मोजल्या जात नाहीत. जास्तीच्या दिव्यांसाठी ओढलेली वायर कधी कधी उघड्या टोकाने तशीच लोंबत राहते. एका दिवसात शेकडो माणसांनी वापरलेले शौचालय पाण्याविना तसेच राहते. आणि बाहेर काढलेली बाके परत आत कोण नेते? सातवी-आठवीची मुले. जड लोखंडी बाक दोघांनी उचलताना बोटे चेंगरली, तर त्याची नोंद निवडणुकीच्या कुठल्याही कागदावर होत नाही.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम १६० खाली इमारत अधिग्रहित करता येते आणि कलम १६१ मध्ये भरपाईची तरतूद आहे. म्हणजे कायद्याने इमारतीचा आणि तिच्या मालकाचा विचार केलेला आहे. त्या इमारतीत दुसऱ्या दिवशी सकाळी कोण येणार, याचा विचार आपल्या पातळीवर व्हायला हवा. माझी सूचना एवढीच आहे की शाळेचा ताबा देताना आणि परत घेताना एका कागदावर दोन सह्या व्हाव्यात, आणि दुसरी सही होईपर्यंत मुलांना फाटकाच्या आत घेऊ नये. आपापल्या गावात काय केले जाते, ते कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त_केंद्राध्यक्ष (पाथरी, जि. परभणी)

धागाकर्त्यांनी लिहिलेले वास्तव आहे, परंतु हे काम मतदान पथकाच्या गळ्यात घालण्याचा विचार असेल, तर तो चालणार नाही. मी अनेक निवडणुकांत केंद्राध्यक्ष म्हणून काम केले आहे. संध्याकाळी सहाला रांगेतल्या शेवटच्या मतदाराला चिठ्ठी दिली की खरे काम सुरू होते. यंत्र बंद करायचे, नमुना १७ ग मध्ये मतांचा हिशेब भरायचा, त्याच्या प्रती उमेदवारांच्या प्रतिनिधींना द्यायच्या, दैनंदिनी पूर्ण करायची, पाकिटांवर लाख लावायची, आणि हे सगळे चालू असताना बाहेर एसटी उभी असते व मार्गावरच्या पुढच्या केंद्राचे लोक वाट पाहत असतात. एक पाकीट चुकले तर साहित्य जमा करताना मध्यरात्र उलटते. अशा वेळी केंद्राध्यक्षाने झाडू हातात घेऊन टाचण्या वेचाव्यात, ही अपेक्षा माणुसकीला धरून नाही.

त्यामुळे परत ताबा देणारा माणूस गावातलाच असावा. कोतवाल, ग्रामसेवक किंवा मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, यांपैकी जो गावात थांबतो त्याच्याकडे हे काम द्यावे. पथकाकडून मात्र एक गोष्ट नक्की करून घेता येईल. ब्लेड, टाचण्या आणि काडेपेटी यांसाठी साहित्याच्या पिशवीतच एक लहान डबा द्यावा आणि वापरलेले तुकडेही त्यातच टाकून परत जमा करावेत. माझ्या केंद्रावर मी बिस्किटाच्या रिकाम्या पुड्यात हे सगळे गोळा करवून घेत असे. त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत.

पूर्णेची_लेक (वसमत, जि. हिंगोली)

मी जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत शिकवते. आपण सर्वजण मुख्याध्यापक शाळेत हजर आहेत असे धरून लिहीत आहात, म्हणून हे सांगणे भाग आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २७ नुसार शिक्षकांना ज्या मोजक्या अशैक्षणिक कामांवर नेमता येते, त्यांत निवडणूक आहे. आम्ही दोघेही नेमणुकीवर जातो, आणि नेमणूक दुसऱ्या मतदारसंघात असते. म्हणजे माझी शाळा दुसऱ्या पथकाच्या ताब्यात आणि मी दुसऱ्याच्या शाळेच्या ताब्यात. आदल्या दिवशी सकाळीच आम्हाला साहित्य वाटपासाठी तालुक्याला जावे लागते. किल्ली कधी शालेय व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे, कधी खिचडी शिजवणाऱ्या मावशींकडे, तर कधी शेजारच्या घरी ठेवलेली असते. त्या कागदावर शाळेच्या वतीने सही करायला त्या वेळी शाळेचे कुणीच नसते.

नंतरच्या सकाळीही तेच होते. साहित्य जमा करून घरी पोहोचायला पहाट होते. अशा दिवशी शाळा भरते, मुले येतात, पण शिक्षक उशिरा तरी येतात किंवा येऊच शकत नाहीत. उघडे फाटक, विस्कटलेल्या खोल्या आणि शिक्षक नाहीत, हे तिन्ही एकाच सकाळी जुळून येते. मला सर्वांत जास्त भीती त्या तासाची वाटते.

विधानसभेच्या वेळी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, ज्या शाळांतले सर्व शिक्षक निवडणुकीच्या कामावर आहेत त्यांच्यापुरता सुट्टीचा निर्णय मुख्याध्यापकांनी घ्यावा, असे शिक्षण आयुक्तांच्या पातळीवरून कळवण्यात आले होते. त्यावरून राज्यभर सरसकट सुट्टी आहे असा समज पसरला आणि खुलासा करावा लागला. ती मोकळीक आदल्या दिवसांसाठी होती. माझे म्हणणे असे की मतदानानंतरच्या दिवशीही लहान शाळांना हीच मोकळीक असावी आणि ती निवडणुकीच्या वेळापत्रकाबरोबरच जाहीर व्हावी, म्हणजे शेतावर जाणाऱ्या आईबापांना मूल कुठे ठेवायचे ते आधी ठरवता येईल.

सिडको_एन_सात (छत्रपती संभाजीनगर)

शहरातली परिस्थिती वेगळी आहे आणि ती या चर्चेत यावी असे वाटते. आमच्याकडे एका मोठ्या शाळेत एकाच आवारात अनेक केंद्रे असतात. १५ जानेवारी २०२६ च्या महानगरपालिका निवडणुकीत एका मतदाराला प्रभागातल्या सर्व जागांसाठी मते द्यायची असल्याने रांग हळू सरकत होती आणि दिवसभर आवार माणसांनी भरलेले होते. दुसऱ्या दिवशी मतमोजणी होती.

२१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने शाळांमध्ये सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, तक्रार पेटी आणि मुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती यांविषयी कडक सूचना दिल्या. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर पालकांनी त्याचे स्वागत केले. आता वर्गातल्या कॅमेऱ्याचा प्रश्न पाहा. मतदानाच्या दिवशी मताच्या गुप्ततेसाठी तो झाकावा किंवा वळवावा लागतो, आणि ते योग्यच आहे. पण तो पुन्हा कोण सुरू करतो? माझ्या मुलीच्या शाळेत मतदानानंतर बराच काळ एका मजल्यावरचे कॅमेरे भिंतीकडे तोंड करून होते, आणि पालक सभेत विचारेपर्यंत ते कुणाच्या लक्षात आले नव्हते.

म्हणून शहरांपुरते तरी माझे मत धागाकर्त्यांपेक्षा वेगळे आहे. आमच्याकडे मंगल कार्यालये आहेत, महापालिकेची सभागृहे आहेत, महाविद्यालये आहेत. विशेषतः मुलींच्या आणि पूर्व प्राथमिकच्या शाळा केंद्रांच्या यादीतून हळूहळू वगळाव्यात. २०२४ मध्ये पुण्या-मुंबईत गृहनिर्माण संस्थांच्या आवारात केंद्रे झाली. मग आपल्या शहरांत पर्यायी जागा अशक्य का मानाव्यात?

चाकांची_खुर्ची (लातूर)

सिडको_एन_सात यांच्या काळजीचा आदर राखून एक बाजू मांडतो. मी चाकांच्या खुर्चीवरून मतदान करतो. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मतदान केंद्रांवर उतारमार्ग करण्याचे आदेश दिले, आणि त्यानंतर हळूहळू का होईना, शाळांना उतारमार्ग मिळाले. मी माझ्या पायांविना, पण माझ्या स्वतःच्या बळावर ज्या थोड्या सार्वजनिक इमारतींत जाऊ शकतो, त्यांत शाळा आहे. मंगल कार्यालयांची सभागृहे अनेकदा पहिल्या मजल्यावर असतात आणि तिथली उद्वाहने त्या दिवशी चालतीलच याची खात्री कोण देणार? पर्यायी जागा सुचवताना तळमजला, उतार आणि शौचालय या तीन गोष्टी आधी पाहाव्यात, अशी विनंती आहे.

आणखी एक गोष्ट धागाकर्त्यांच्या कागदात घ्यावी. काही ठिकाणी मतदानापुरता फळ्यांचा तात्पुरता उतार ठोकतात आणि तो खिळ्यांसह तसाच सोडून जातात. लेकरे त्यावरून घसरगुंडी खेळतात. उतार करायचाच असेल तर सिमेंटचा, कठड्यासह करावा. तो शाळेतल्या दिव्यांग मुलाला रोज उपयोगी पडेल आणि मला पाच वर्षांतून काही वेळा.

बालाघाट (पाटोदा, जि. बीड)

आमच्या भागातली एक गोष्ट कुणी लिहिलेली नाही, म्हणून लिहितो. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात. लेकरांची शाळा बुडू नये म्हणून गावोगाव हंगामी वसतिगृहे चालवली जातात. पुष्कळ ठिकाणी मुले रात्री आजी-आजोबांकडे झोपतात आणि सकाळ-संध्याकाळचे जेवण शाळेच्या आधाराने होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात निवडणूक आली म्हणजे ही मुले गावात असतात, आईबाप कारखान्यावर असतात, आणि त्यांचे जेवण जिथे शिजते ती जागा पथकाच्या मुक्कामाला दिलेली असते.

इतर मुलांना शाळा बंद असणे म्हणजे सुट्टी. या मुलांना शाळा बंद असणे म्हणजे दोन वेळच्या जेवणाचा प्रश्न. शिवाय मतदानाच्या दिवशी घरात म्हातारी माणसे सोडून कुणी नसल्याने ही मुले शाळेच्या आसपासच फिरत राहतात, आणि केंद्राबाहेरच्या टेबलावर चिठ्ठ्या शोधून देणे, पाणी आणून देणे, गाडीत बसून वस्तीवरच्या मतदारांना बोलावून आणणे, असली कामे त्यांच्याकडून करून घेतली जातात. प्रचारात आणि निवडणुकीच्या कामात मुलांचा कोणत्याही स्वरूपात वापर करू नये, असे निर्देश निवडणूक आयोगाने ५ फेब्रुवारी २०२४ रोजी राजकीय पक्षांना दिले होते. आमच्याकडे ते लहान पोराला दोन वडापाव देण्याइतक्या सहजपणे मोडले जातात, आणि मोडणाऱ्याला आपण काही मोडले असे वाटतही नाही. मुलांची सुरक्षितता फक्त इमारतीच्या आतच पाहू नका, एवढी कळकळीची विनंती आहे.

वसतिगृहाच्या जेवणाची त्या दोन दिवसांची पर्यायी जागा आधी ठरवून ताब्याच्या कागदावर लिहावी. समाजमंदिर, ग्रामपंचायतीचा व्हरांडा, काहीही चालेल, पण ते लिहिलेले असावे.

तालुका_कचेरी

मी महसूल विभागात काम करतो. गाव लिहीत नाही. इथे मांडलेल्या तक्रारी आमच्यापर्यंत योग्य वेळी येत नाहीत, ही अडचण आहे. मतदान केंद्रांची यादी जिल्हा निवडणूक अधिकारी निवडणूक आयोगाच्या पूर्वमान्यतेने ठरवतात. त्याआधी केंद्रांचे सुसूत्रीकरण (मतदारसंख्येप्रमाणे केंद्रांची फेरमांडणी) होते, प्रारूप यादी प्रसिद्ध होते, राजकीय पक्षांची बैठक होते आणि हरकती-सूचना मागवल्या जातात. खोली धोकादायक आहे, निर्लेखन प्रस्तावित आहे, आवाराला भिंत नाही, हे त्या वेळी लेखी आले तर केंद्राची खोली बदलता येते. मतदानाला आठ दिवस उरलेले असताना सरपंच येऊन खोली बदला म्हणाले, तर आमचे हात बांधलेले असतात, कारण यादी छापली गेलेली असते आणि मतदारांच्या चिठ्ठ्यांवर तीच खोली असते. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाच्या अखत्यारीत येतात, त्यांची यादी वेगळी होते, म्हणून हरकतही दोन्हीकडे द्यावी लागते.

आदल्या आणि नंतरच्या दिवशीही सगळ्या शाळा बंद ठेवा, अशी मागणी कुणी केली तर तिला माझा पाठिंबा नाही. एका वर्षात विधानसभा, नगरपरिषद, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत असे मतदान आले, तर प्रत्येक वेळी तीन-तीन दिवस बुडतील. आदल्या दिवशी सकाळची शाळा घेऊन, पोषण आहार देऊन साडेअकराला मुले घरी जावीत आणि पथकाने दुपारी एकनंतरच आवारात यावे, हे जिल्हाधिकारी आणि शिक्षणाधिकारी यांच्या एका संयुक्त पत्राने होऊ शकते. पथके साहित्य घेऊन निघतानाच दुपार झालेली असते, त्यामुळे पथकांनाही हे जड जाणार नाही.

परत ताब्याविषयी निवृत्त केंद्राध्यक्षांनी लिहिले ते मला पटते. मात्र कोतवालावर सगळे टाकू नये. त्याच्याकडे आधीच त्या दिवसांत पथकाचे जेवण, पाणी आणि बिछाने असतात. काही केंद्रांवर देखरेख ठेवणारा क्षेत्रीय अधिकारी मतदानाआधी त्यांतल्या प्रत्येक केंद्राला भेट देऊन किमान सुविधांचा अहवाल देतोच. त्याच अहवालाला मतदानानंतरच्या स्थितीचा एक रकाना जोडला, तर नवा कागद, नवा नमुना आणि नवी सही यांपैकी कशाचीच गरज पडत नाही.

मांजराकाठ

आपण सर्वांनी मनापासून लिहिले, त्याबद्दल आभार. पूर्णेची_लेक यांचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण माझ्या सूचनेत मुख्याध्यापक गृहीत होते. ते नसतील तेव्हा शाळेच्या वतीने शालेय व्यवस्थापन समितीच्या एका पालक सदस्याने सही करावी. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात; ज्याचे लेकरू त्या खोलीत बसणार आहे, त्याच्याइतक्या बारकाईने ती खोली दुसरे कोण पाहील?

तालुका_कचेरी यांचे सकाळच्या शाळेचे म्हणणे मान्य आहे. फक्त अहवालातल्या रकान्यावर मी समाधानी नाही. क्षेत्रीय अधिकाऱ्याकडे अनेक केंद्रे असतात. तो नंतरच्या सकाळी सर्व शाळांत पोहोचू शकत नाही, आणि मग रकाना कचेरीत बसून भरला जाईल. गावातल्या दोन माणसांच्या सह्या हव्यातच.

कयाधू

रात्रीच्या मुक्कामाविषयी कुणी लिहावे अशी इच्छा होती. पथकासोबत पोलीस किंवा होमगार्ड असतो, त्यामुळे यंत्रांची काळजी घेतली जाते. पण शेजारची अंगणवाडी त्याच आवारात असते आणि तिच्या सेविका-मदतनीस आदल्या दिवशी नेहमीप्रमाणे मुले घेऊन बसतात. शाळेला सुट्टीचे पत्र जाते. अंगणवाडी महिला व बालविकास विभागाची असल्याने तिला ते जात नाही. संयुक्त पत्र काढायचे असेल तर त्यावर तिसरी सहीही हवी.

नगरपरिषदेचा_मतदार (जि. नांदेड)

आमच्या शहरातला अनुभव थोडा वेगळा आहे. २ डिसेंबर २०२५ रोजी नगरपरिषदांचे मतदान झाले. मतमोजणी ३ डिसेंबरला व्हायची होती, पण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या आदेशाने ती २१ डिसेंबरला गेली. आमच्याकडे यंत्रे एका विद्यालयाच्या सभागृहात ठेवलेली होती. एका रात्रीची सोय एकोणीस दिवसांची झाली. फाटकावर सशस्त्र पहारा, उमेदवारांच्या प्रतिनिधींचा मंडपात रात्रंदिवस राबता, मैदानाच्या अर्ध्या भागात दोर बांधलेले, आणि त्याच फाटकातून मुलांची ये-जा. पोलिसांचे वर्तन चांगले होते. त्यांच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. पण त्या दिवसांत प्रयोगशाळा बंद राहिली आणि दहावीच्या मुलांचे प्रात्यक्षिक मागे पडले. मतदान केंद्र आणि सुरक्षा कक्ष (मतदान झालेली यंत्रे मोजणीपर्यंत ठेवण्याची खोली) यांत फरक केला पाहिजे. मतदान केंद्रासाठी शाळेला पर्याय नसेल, परंतु सुरक्षा कक्षासाठी बाजार समितीचे गोदाम, शासकीय गोदाम किंवा तहसील आवारातील इमारत नक्की शोधता येते. न्यायालयाचा निर्णय कधी काय येईल हे कुणाच्या हाती नसते, म्हणून चालू शाळेत यंत्रे ठेवूच नयेत.

निकालाच्या दिवसाचेही पाहावे. मिरवणूक, गुलाल आणि फटाके शाळा सुटण्याच्या वेळीच रस्त्यावर येतात. आमच्या मुख्याध्यापिकांनी त्या दिवशी पालक आल्याशिवाय प्राथमिकच्या मुलांना सोडले नाही. मला ते फार योग्य वाटले.

निवृत्त_केंद्राध्यक्ष

सुरक्षा कक्षाविषयी पूर्ण सहमत. जिल्हा परिषदेचे २०१७ चे मतदान आपल्याकडे १६ फेब्रुवारीला, बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर झाले होते. त्या वेळी बैठक व्यवस्थेसाठी बाके पुन्हा लावणे आणि त्यांवर क्रमांक टाकणे हे काम शाळांना अक्षरशः रात्री करावे लागले. परीक्षा केंद्र असलेल्या शाळेला तरी साफसफाईसाठी मजूर मिळाले पाहिजेत.

मांजराकाठ

आतापर्यंतच्या चर्चेवरून मी एका पानाचा मसुदा केला आहे आणि तो आमच्या शालेय व्यवस्थापन समितीपुढे ठेवणार आहे. मुख्य मजकूर असा :

"शाळेच्या पुढील खोल्या मतदानासाठी देण्यात येत आहेत. निर्लेखन प्रस्तावित असलेल्या खोल्या कुलूपबंद असून त्यांत विद्यार्थी किंवा मतदान पथक यांपैकी कुणालाही बसवले जाणार नाही. आदल्या दिवशी विद्यार्थी व अंगणवाडीतील बालके आवारातून गेल्यानंतरच पथक प्रवेश करील. हंगामी वसतिगृहाच्या जेवणाची या काळातील जागा : ______. मतदानानंतर खोल्या, विजेची जोडणी, शौचालय, पाण्याची टाकी, तात्पुरता उतार व कॅमेरे पाहून घेतले. फरशीवर ब्लेड, टाचण्या, काच, लाख किंवा शाई आढळली नाही. बाके प्रौढ व्यक्तींनी जागेवर लावली आहेत. ताबा देणार : ______. ताबा घेणार, शालेय व्यवस्थापन समितीचे पालक सदस्य : ______. वेळ : ______. या वेळेपूर्वी शाळा भरणार नाही."

तालुका_कचेरी यांनी यातला कुठला शब्द कार्यालयात अडेल ते सांगावे. आणि बाके लावणाऱ्या व शौचालय धुणाऱ्या माणसांची मजुरी कुठल्या खर्चातून द्यायची, हेही सांगावे. ग्रामसभेत पहिला प्रश्न तोच येणार आहे.

तालुका_कचेरी

"ताबा" शब्दावर अडणार नाही. "भरणार नाही" याऐवजी "विद्यार्थ्यांना प्रवेश दिला जाणार नाही" असे लिहावे, कारण शाळा भरवणे न भरवणे हा शिक्षण विभागाचा अधिकार आहे आणि त्यावर आक्षेप येईल. अंगणवाडीचा उल्लेख ठेवावा. मजुरीसाठी मतदान केंद्रावरील किमान सुविधांच्या खर्चात मतदानानंतरची स्वच्छता धरावी, असा लेखी अर्ज समितीने ठरावासह तहसीलदारांकडे द्यावा. अर्ज मतदानाची तारीख जाहीर होण्यापूर्वी आला पाहिजे, नंतर आलेला अर्ज पुढच्या निवडणुकीसाठी ठेवला जातो. प्रारूप यादी प्रसिद्ध होईल तेव्हा धोकादायक खोल्यांची हरकतही त्याच अर्जासोबत जोडावी, आणि पोच घ्यायला विसरू नये.